मागच्या न्हाणीचा शॉवर

त्या चार मजली इमारतीत कुणालाही विचारा, नळताईचं खरं नाव काय, तर तो डोकं खाजवत बसेल. भाडेकरू आले, गेले, भिंतींचे रंग बदलले, जिन्याचा कठडासुद्धा नवा आला, पण नळताई ती नळताईच. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा, म्हणून तो बसवाले. तोही चारचौघांत तिला ‘आमच्या नळताई’ म्हणायचा आणि घरात नुसतं ‘अगं’. त्यामुळे खऱ्या नावाचा प्रश्न तिथेच संपला.

इमारतीची देखभाल हे तिचं काम. जिना झाडणं, बल्ब बदलणं, कुणाची किल्ली आत राहून दार लागलं तर दुसरी किल्ली घेऊन धावणं, ही कामं जगात सगळीकडे असतात. त्यात नवल ते काय? नवल होतं ते नळांचं. इमारतीतला जो नळ, जो शॉवर कुणी वापरत नाही, तो नळताई आठवड्यातून एकदा सोडणार म्हणजे सोडणारच. मग तो रिकाम्या पडलेल्या घरातला असो, नाहीतर लांब सुट्टीवर गेलेल्या भाडेकरूचा. भाडेकरूला आधी विचारायची, किल्ली मागून घ्यायची आणि जायची. तळमजल्यावर छापखाना होता. तिथे मागच्या बाजूला एक शॉवर होता, अंगावर शाईबिई सांडली तर उभं राहायला. शाई काही केल्या कुणाच्या अंगावर सांडत नव्हती, आणि तरी तो शॉवर दर आठवड्याला भरपूर वाहायचा.

“अहो ताई, कुंडी नाही, झाड नाही, पाणी कुणाला घालताय?” चौथ्या मजल्यावरचे बासरीवाले आजोबा जिन्यातून विचारायचे.

“पाइपाला घालतेय आजोबा. बसलेलं पाणी आणि बसलेला माणूस, दोन्ही बिघडतात. तुम्हीही जरा उठा, एक चक्कर मारून या!”

हे वेड तिला लागलं कसं, तेही सांगायला हवं. पूर्वी कधीतरी गावातल्या दुसऱ्याच एका इमारतीत माणसं एकामागून एक तापानं आणि छातीनं आजारी पडली, आणि दोष निघाला पाण्यात. ते ऐकून इमारतीच्या मालकीणबाई घाबरल्या. त्यांनी लगेच पाण्याची तपासणी करणारे एक साहेब बोलावले. साहेब गोड माणूस. पायरीवर बसून, चहा घेत, त्यांनी नळताईला सगळं समजावून सांगितलं. लिजिओनेला नावाचा एक जंतू असतो. पाण्यात तो थोडाफार असायचाच. गार पाण्यात तो निपचित असतो, चांगल्या कडकडीत पाण्यात मरतो. पण कोमट पाणी मिळालं, ते पाइपात नुसतं पडून राहिलं, वर थोडा गंज आणि चुन्याचा थर मिळाला, की त्याची चंगळच. ते पाणी पोटात गेलं तर सहसा काही होत नाही. पण शॉवर सोडला की बारीक तुषार उडतात, ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात. धडधाकट माणूसही आडवा होऊ शकतो. म्हातारी माणसं, छातीनं अधू असलेली माणसं, त्यांच्या तर जिवावर बेततं.

“म्हणजे गार ते गार, गरम ते गरम, आणि वाहतं ठेवायचं,” नळताई म्हणाली.

“बस! एवढं केलंत तरी निम्मी लढाई जिंकलीत,” साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून ‘कोमट’ हा शब्द तिच्या शिव्यांत जाऊन बसला. कुणी धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना, की ती म्हणायची, “काय कोमट माणूस आहे बाई!” गरम पाण्याच्या टाक्या ती कडक तापलेल्या ठेवायची आणि नळाशी आल्यावर गार पाणी मिसळायची सोय करून द्यायची, म्हणजे कुणी भाजायला नको. शॉवरच्या जाळ्या काढून व्हिनेगरात बुडवून खरवडायची. ज्याच्या टोकाला नळच उरलेला नाही असा एखादा जुना पाइप सापडला, की प्लंबरला बोलावून तो मुळापासून छाटायला लावायची, आणि मग जेवणावर असा काही ताव मारायची की जणू वाघ मारून आलीय.

शॉवर सोडायचीही तिची रीत होती. जाळीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, पिशवीचा खालचा कोपरा कापलेला, म्हणजे पाणी धारेनं खाली जातं आणि तुषार उडत नाहीत. खिडकी उघडी. नळ सोडला की आपण बाहेर, दार बंद. पाणी वाहतंय तोवर बाहेर थांबायचं.

आता रिकाम्या घरात नुसतं थांबायचं म्हणजे काय करायचं? नळताई खेळायची. वयानं पन्नाशी गाठलेली बाई, पण खेळायची. “आज मी कोण?” असं स्वतःला विचारायची आणि जे उत्तर येईल ते पाणी बंद होईपर्यंत. पहिल्या मजल्यावर ती डॉक्टरीण व्हायची आणि भिंतीला जीभ दाखवायला सांगायची. दुसऱ्या मजल्यावर बोटीची कप्तान. तिसऱ्या मजल्यावरच्या घराला मोठी खिडकी होती, तिथे ती गडगंज श्रीमंत बाई व्हायची, खिडकीच्या कट्ट्यावर पाय पसरून बसायची आणि नसलेल्या नोकराला फैलावर घ्यायची.

ही खोड लावलेली अक्कानं. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आई दिवसभर कामाला, वडील आधीच गेलेले, तेव्हा धाकटीला न्हाऊमाखू अक्काच घालायची. अक्का स्वतः अशी कितीशी मोठी! पण डोळ्यात साबण गेला की धाकटी जे भोकाड पसरायची त्यावर तिनं अक्कल लढवली होती. साबण लावायची, तांब्या वर धरायची आणि विचारायची, “सांग, आज तू कोण?” उत्तर दिल्याशिवाय पाणी नाही, असा नियम. “राणी!” धाकटी ओरडायची. “मग राणीसाहेब, डोळे मिटा,” की पडलाच पाण्याचा लोट. रडणं कुठल्या कुठे! धाकटी कधी राणी झाली, कधी आगगाडीची ड्रायव्हर, एकदा तर म्हैस झाली होती, आणि अक्कानं तिला म्हशीसारखीच खरारा करून घासली होती.

तर एकदा काय झालं, तिसऱ्या मजल्यावर पाणी वाहतंय, नळताई खिडकीत लोळलीय, हवेत बोट नाचवत म्हणतेय, “आणि सरबतात बर्फ कोण टाकणार, तुझा काका?” तेवढ्यात दारात एजंट उभा, आणि त्याच्यामागे घर बघायला आलेलं एक नवं जोडपं. नळताईचा चेहरा असा झाला की काही विचारू नका. पण ती कसली हार मानतेय! उठली, पदरमोड न करता श्रीमंत झालेल्या बाईच्या थाटातच म्हणाली, “या, या. घर फार चांगलं आहे. मी इथे पाणी वाहेपर्यंत राहते.” ती नवी नवरी इतकी हसली, इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि घर बघायच्या आधीच नवऱ्याला म्हणाली, “हेच घेऊ या.”

असं सगळं मजेत चाललं होतं. मग अक्काचं आजारपण आलं.

अक्का दुसऱ्या गावी एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात जन्म काढलेला, वाफेत आणि धुरात. छाती आधीच नाजूक, त्यात न्यूमोनिया झाला आणि अक्का मरता मरता वाचली. डॉक्टरांनी बजावलं, आता एकटं राहायचं नाही, आणि छातीला पुन्हा काही होऊ द्यायचं नाही. पुढचं दुखणं झेपणार नाही. नळताई म्हणाली, “माझ्याकडे चल. कायमची.” अक्का म्हणाली, “दोन दिवस येईन.”

हाच तर घोळ होता. अक्का कुणाकडे दोन दिवसांवर कधी राहिलीच नव्हती. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण तिनं नुसती पाठ केली नव्हती, हाडात मुरवली होती. कुणाला आपल्यासाठी खुर्ची सरकवावी लागली तरी तिला अपराधी वाटायचं. लगेच पिशवी भरायला घ्यायची.

“या वेळी तिला जाऊ द्यायची नाही,” नळताई नवऱ्याला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “तिकडे एकटी राहिली तर मरेल हो ती. आणि तिला वाटलं ना, की आपली अडचण होते, तर ती क्षणभर थांबायची नाही.”

“अक्कडसासू आहे ती माझी. बायकोची थोरली बहीण म्हणजे सासूपेक्षा कडक. बघच तू, मी अशी सोय करतो की जायचं नावच घेणार नाहीत,” बसवाले म्हणाले.

हे ऐकून नळताईनं खरं म्हणजे तिथेच सावध व्हायला हवं होतं. बसवाल्यांना दुसऱ्याला चकित करायची भारी हौस, आणि त्यांच्या त्या हौसेला घर थरथरायचं. एकदा बायकोच्या वाढदिवसाला, दार करकरतं म्हणून त्यांनी तेल घालायला दार बिजागरीतून काढलं. काढलं ते काढलं, पुन्हा बसवता येईना. सगळी थंडी दोघांनी पडदा लावून काढली. मनानं माणूस सोनं, हात मात्र असे!

तर त्यांच्या तळमजल्यावरच्या राहत्या जागेच्या मागे, बोळाकडे दार असलेली आणखी एक न्हाणी होती. पण नळताई तिला न्हाणी म्हणतच नव्हती. ती दोघं तिथे राहायला आली तेव्हापासून तिच्यात उरलेल्या फरश्या, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. तिचं नाव पडलं अडगळ. “अगं, ती शिडी कुठे आहे?” “अडगळीत.” नळताई दर आठवड्याला सगळी इमारत पालथी घालायची, प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक नळ तिला चेहऱ्यानं ओळखत असेल, पण अडगळीत भिंतीला एक शॉवर आहे, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं. फरश्यांमागे तो दिसतही नव्हता. यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार.

बसवाल्यांना मात्र ती न्हाणी बरोबर आठवली. घरात एकच न्हाणी, अक्का आजारी, तिला कुणाच्या मागे ताटकळत बसायला लागू नये. बायको वरच्या मजल्यांवर असायची तेव्हा त्यांनी गुपचूप एकेक डबा, एकेक फरशी हलवली. छापखानेवाल्या बाई या कटात सामील; सगळी अडगळ त्यांच्या मागच्या पडवीत गेली. मग बसवाल्यांनी भिंती घासल्या, फुलाफुलांचा पडदा लावला, बसायला एक स्टूल ठेवलं, नवा साबण ठेवला. आणि डॉक्टरांनी अक्काला फार कढत पाणी नको म्हणून सांगितलंय, हे आठवून घरातल्या गरम पाण्याच्या टाकीची कळ फिरवून फिरवून छान, अगदी छान कोमट करून ठेवली. बायकोची रोजची टकळी त्यांनी इतक्या वर्षांत इतकी ऐकली होती की आता ती त्यांना ऐकूच येत नव्हती.

अक्का यायच्या दिवशी नेमकं ते नवं जोडपं तिसऱ्या मजल्यावर राहायला आलं. नळताई वर, त्यांना किल्ल्या देत, कुठल्या नळाला गरम आणि कुठल्याला गार ते दाखवत. बसवाले अक्काला घेऊन येणार होते. नळताईनं शेवटची किल्ली दिली आणि जिना दोनदोन पायऱ्यांनी उतरली. दारात अक्काची चप्पल! खुर्चीवर अक्काची ती ओळखीची पिशवी! तिला रडू आणि हसू एकदम फुटलं.

“अक्का? अहो, अक्का कुठेय?”

“अंघोळीला गेल्यात. प्रवासानं आंबून गेल्या होत्या,” बसवाले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की बास.

नळताईनं न्हाणीकडे पाहिलं. दार सताड उघडं. “इथे तर कुणी नाही.”

“इथे कशाला? मागे!”

“मागे कुठे?”

“अगं, अडगळीत! आता अडगळ नाही म्हणायचं, अक्काची न्हाणी म्हणायचं. मी सगळी साफ केली. पडदा काय, साबण काय, शॉवर काय! मघाशी जरासा सोडून बघितला, तर थेंब थेंब तांबूस आलं, म्हटलं असू दे, उद्घाटन अक्काच करतील. आणि तू काळजी करू नकोस, भाजणार नाहीत त्या. पाणी मी एकदम कोमट...”

पुढचं नळताईनं ऐकलं नाही. वर्षानुवर्षं पाइपात बसलेलं पाणी, गंजलेली जाळी, कोमट टाकी, बंद न्हाणी, आणि आत कोण, तर जिची छाती आणखी एक दुखणं सोसणार नाही ती अक्का. सगळ्या इमारतीचे नळ सांभाळले आणि घरच्याच नळाला विसरले! ती बोळात धावली, दारावर थापा मारू लागली. “अक्का! नळ सोडू नकोस! अक्का!”

आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. अक्का अंघोळीआधी कानात कापूस घालायची, लहानपणापासून. एरवीही एका कानानं कमीच ऐकायची. कडी आतून लावलेली.

नळताई मागे वळली आणि जिन्याखाली पळाली. तिथे पाणी बंद करायची दोन चाकं होती, एक वरच्या मजल्यांचं, एक तळमजल्याचं. कुठलं कुणाचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या क्षणी डोकं म्हणून चालेना. कुठलं? हे की ते? तिनं दोन्ही धरली आणि दोन्ही गरागरा फिरवली.

आणि मग जी काय धमाल उडाली!

आधी चौथ्या मजल्यावरून आरोळी आली. मग तिसऱ्या मजल्यावरून. बासरीवाले आजोबा अर्ध्या गालावर दाढीचा साबण घेऊन जिना उतरले. नवी नवरी डोक्यावर शाम्पूचा एवढा डोंगर घेऊन आली, फेस नाकावर ओघळतोय, आणि मागे टॉवेल धरून तिचा नवरा. छापखान्यातून बाई आल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. त्या दिवशी नेमकी शाई सांडली होती! इतकी वर्षं न सांडलेली शाई!

“ताई, पाणी?”

“पाणी कुठे गेलं?”

“आलोय आत्ताच, आणि पाणी बंद?”

तेवढ्यात मागच्या बोळाचं दार उघडलं आणि अक्का बाहेर आली. अंगात गाऊन, केस मोकळे, कोरडेठणठणीत. कानातला कापूस काढत तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बहिणीकडे वळली.

“नळ फिरवून फिरवून हात मोडायची वेळ आली, गुळगुळ आवाज येतो, पाण्याचा थेंब नाही! आणि पत्रांत लिहायचीस, मी अख्ख्या इमारतीचं पाणी बघते म्हणून. हेच का ते बघणं?”

नळताईनं धावत जाऊन तिला मिठी मारली. “एक थेंब नाही आला ना? खरं सांग, एक थेंबही नाही ना?”

“अगं सोड, हाडं मोडशील! नाही आला म्हणते ना!”

“वाचले गं बाई!” म्हणून नळताई तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागली. रडता रडताच तिनं सगळं सांगितलं. बसलेलं पाणी, तुषार, छाती, अडगळ, आणि आपण विसरलो ते. स्वतःला तिनं एवढे बोल लावले की शेवटी आजोबाच म्हणाले, “पुरे आता. निदान आमच्या गालावर पाणी येऊ द्या.” तेव्हा कुठे तिला आठवलं आणि तिनं वरच्या मजल्यांचं चाक उघडलं. तळमजल्याचं उघडण्याआधी मागच्या न्हाणीत जाऊन तिनं शॉवरच्या पाइपाची कळ आवळली, जाळी काढून आणली आणि तिच्यावर चढलेला तो पिवळट थर सगळ्यांना दाखवला. मग तळमजल्याचं चाक उघडलं आणि घरातल्या टाकीची कळ मूळ जागी आणली. बसवाल्यांचं तोंड एवढंसं झालं.

अक्का मात्र वेगळ्याच गोष्टीनं कोमेजली होती. इतक्या माणसांची फजिती तिच्यामुळे झाली होती. एकाच्या गालावर साबण, एकीच्या डोक्यावर फेस, एकीचे हात काळे. ती खुर्चीजवळ गेली आणि पिशवीची चेन लावायला लागली.

“माझ्या एका अंघोळीपायी इमारत कोरडी पडली. आले नाही तोच हे. उद्या सकाळच्या गाडीनं जाते मी.”

“अक्का, ऐका माझं,” बसवाले पुढे आले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “चूक माझी आहे. मी त्या न्हाणीत पाणी बघायला हवं होतं, मी पडदाच बघत बसलो. पण मला वाटलं, तुम्हाला स्वतःची न्हाणी असली म्हणजे कुणाची अडचण वाटायची नाही. आणि मग राहाल. हिला फार वाटतं हो, तुम्ही राहावं. मलाही वाटतं.”

अक्काच्या हातातली चेन अर्ध्यावरच थांबली.

दारात रेंगाळलेले आजोबा म्हणाले, “मी इथे इतकी वर्षं राहतो, पण आम्ही सगळे असे एका जागी आज पहिल्यांदा उभे राहिलो. तुमच्यामुळे. अधूनमधून पाणी बंद करायला हरकत नाही.” नवी नवरी फेसातून खदखदून हसली आणि वर पळाली. बाई हात धुवायला छापखान्यात गेल्या, त्या शॉवरखाली, जो दर आठवड्याला वाहून स्वच्छ होता.

“जायचं तर जा,” नळताई डोळे पुसून म्हणाली, “पण बिनअंघोळीची नाही जाऊ देणार.”

स्वयंपाकघरातला नळ दिवसभर चालूच असायचा, त्याचं पाणी ताजं. तिनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, बादलीत गार पाणी घेऊन त्यात मिसळलं, हात घालून बघितलं. आपल्या रोजच्या न्हाणीत स्टूल ठेवलं, खिडकी जरा उघडली आणि अक्काला हाताला धरून आत नेली.

“अगं, मी काय लहान आहे? माझी मी करते.”

“बस म्हणते ना! शॉवर तुला मिळणार नाही. ती न्हाणी मी धुऊन, वाहवून, पाणी तपासून आणेन, मग बघू. तोवर बादली आणि मी.”

अक्का बसली. तिची पाठ किती बारीक झाली होती! दुखण्यानं मणके दिसत होते. नळताईनं साबण हातात घेतला. केसांना लावला, पाठीला लावला, कानामागे बोट फिरवलं, अगदी अक्का लावायची तसा. तांब्या भरला. वर धरला. आणि थांबली.

“अक्का, आज तू कोण?”

बाहेर बसवाले कप धूत होते, तो आवाज थांबला.

“चूप गं. ओत पाणी. डोळ्यात साबण जातोय.”

“उत्तर दिल्याशिवाय पाणी नाही. नियम कुणाचा?”

“वेडी कुठली! पन्नाशी आली तुझी!”

“सांग, नाहीतर बस अशीच. राणी? आगगाडीची ड्रायव्हर? उद्याच्या गाडीतली पाहुणी?”

अक्काचे खांदे हलायला लागले. नळताईला आधी वाटलं, रडतेय. मग कळलं, हसतेय. मग कळलं, दोन्ही. अक्कानं चाचपडत ओला हात वर केला, बहिणीचं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटूनच ओरडली:

“या घरातली! या घरातली आहे मी, अगं मेले, आता तरी ओत!”

नळताईनं सगळा तांब्या ओतला. मग आणखी एक. मग आणखी एक. दोघी भिजल्या.

“अक्का,” बसवाल्यांनी दाराबाहेरून भीत भीत विचारलं, “म्हणजे मग उद्याची गाडी...?”

“कसली गाडी, जावईबापू?” आतून अक्का गरजली. “आधी त्या मागच्या न्हाणीचं काय ते नीट करा. कोमट म्हणे!”